हिरवा दिवा

मोटार जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस जात नाही. करपलेल्या वार्निशचा तो कडवट वास. जानेवारीतल्या त्या सकाळी मी ताईकडे पोचलो तेव्हा अंगणात मोटार आडवी पडली होती, भाचा तिच्याजवळ उकिडवा बसला होता आणि भाऊजी कोणाशीच बोलत नव्हते. चहाचे चार कप ओट्यावर तसेच निवलेले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी चहा निवला म्हणजे काय झालं असेल ते विचारावं लागत नाही.

ताईचं सासर दारव्हा-दिग्रस रस्त्यावरून आत. जमीन काळी, कसदार, पण विहीर घरापासून पाऊण किलोमीटरवर नाल्याच्या काठी. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रपाळी आली की थंडीत, काट्याकुट्यातून, रानडुकरांची चाहूल घेत कोणीतरी बटण दाबायला जायचं. मोबाइलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, गावात दोन-तीन जणांकडे आहेतही. पण नाल्याच्या त्या खोलगट जागी मोबाइलला रेंजच येत नाही. भाचा पुसदला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं दिवाळीच्या सुट्टीत स्वस्तातली दोन रेडिओ मॉड्यूल मागवली आणि दोन खोकी तयार केली. एक घरात देवळीजवळ, एक विहिरीवर स्टार्टरशेजारी. घरातलं बटण दाबलं की तिकडे मोटार चालू. परत दाबलं की बंद. बटण दाबलं की घरातल्या खोक्यावर हिरवा दिवा लागायचा. तो दिवा बघायला अर्धा गाव येऊन गेला होता.

त्या रात्री अकरा वाजता त्यानं हरभऱ्याचं पाणी बंद करायला बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सगळे झोपले. मोटार मात्र चालूच राहिली, पहाटे विहीर आटली, आणि कोरडी फिरून फिरून मोटार जळाली.

ओसरीच्या खाटेवर आबाजी बसले होते, ताईचे सासरे. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान अजून शाबूत. ते म्हणाले, "बाबू, तू त्याले बंद हो म्हनून सांगतलं, हे खरं?"

"हो ना आबाजी. हिरवा दिवा लागला होता. आईनं पन पायला."

"दिवा कोनाचा? घरच्या खोक्याचा का विहिरीवरच्या?"

"घरच्या."

"मंग तो तुह्या सांगन्याचा दिवा झाला. त्याच्या आयकन्याचा नाही."

भाचा काही बोलला नाही. मला वाटतं त्या क्षणी त्याला ते समजलं होतं, पण पटवून घ्यायची तयारी नव्हती. आपण शिकलेल्या गोष्टीतली चूक न शिकलेल्या माणसानं दाखवावी, हे वय वीस असताना फार झोंबतं. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली आणि पन्नाशीनंतरही ते झोंबायचं.

मोटार दारव्ह्याला वाइंडिंगला गेली आणि भाच्याचा इलाज सुरू झाला. पहिला इलाज कोणीही करेल तोच: आवाज वाढवा. लांब बांबू उभा केला, त्याच्या टोकाला अँटेना बांधली, मॉड्यूलची ताकद होती तेवढी सगळी लावली. आठ दिवस सुरळीत गेले. मग पलीकडच्या वावरवाल्याच्या पोरानं तसलीच जोडी आणून त्याच पट्टीवर बसवली आणि त्यानंही बांबू उभा केला. एकाच मांडवात दोन नवरदेवांच्या वराती समोरासमोर आल्या की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. डीजेवाले दोघंही आवाज वाढवतात आणि नाचणाऱ्याला एकही गाणं कळत नाही.

दुसरा इलाज जरा डोक्याचा होता. एकदा सांगण्याऐवजी तीनदा सांगायचं आणि विहिरीवरच्या खोक्यानं तीनात दोन सारखे आले तर तेच खरं धरायचं. पंचायतीतलं बहुमतच म्हणा. घरचं खोकं आता दर मिनिटाला तीनदा सांगू लागलं. चालू ठेवायचं असेल तर एक-एक-एक, बंद ठेवायचं असेल तर शून्य-शून्य-शून्य.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भाऊजी विहिरीवर पाइप जोडत होते. वीज नव्हती. ती आली तशी शिवारातले सगळे ऑटो स्टार्टर एकदम खाडखाड बसले, आणि त्यांच्याबरोबर आमची मोटारही. कोणी बटण दाबलं नव्हतं. घरचं खोकं इमानानं शून्य-शून्य-शून्यच म्हणत होतं. पाण्याच्या जोरानं पाइप उसळला आणि भाऊजींच्या नडगीवर बसला. हाड वाचलं. पण संध्याकाळी लंगडत घरी आल्यावर त्यांनी दोनच शब्द उच्चारले, त्यांतला एक इथं लिहिता येत नाही. दुसरा होता 'उकिरडा'.

झालं होतं असं. वीज येते त्याच सेकंदाला शेकडो स्टार्टरच्या ठिणग्या उडतात आणि त्यांची खरखर हवेत पसरते. ही खरखर गारपिटीसारखी असते. सगळ्या शिवारात सारखी शिंपडल्यासारखी पडत नाही. एका वावरात पडते, धुऱ्यापलीकडे नाही. पण जिथं पडते तिथलं सगळं झोपवून जाते. तीनही निरोप एकाच सेकंदात पाठवले, तिघंही एकाच गारेत सापडले, आणि तीनात दोन चुकीचे ठरले की बहुमत चुकीचंच होतं.

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे आणि ती भाच्यानं मला वहीत काढून दाखवली. संगणकाच्या वर्णमालेत 'शून्य' हे चिन्ह ००११०००० असं लिहितात आणि 'एक' हे चिन्ह ००११०००१ असं. आठ घरांपैकी सात सारखी. शेवटच्या एकाच घरात ठिणगी पडली की 'बंद'चं 'चालू' होतं. वही मिटून तो म्हणाला, "मामा, याच्यात माझी काय चूक? चिन्हं मी नाही ठरवली."

आबाजी खाटेवरून ऐकत होते. त्या रात्री त्यांनी जी हकीगत सांगितली ती घरातल्यांनी याआधी शंभरदा ऐकली असणार, पण कोणी तिच्याकडे निरोपाची गोष्ट म्हणून पाहिलं नव्हतं. ती रेल्वेची गोष्ट म्हणूनच ओळखली जायची.

आबाजी आधी शकुंतलेवर होते. म्हणजे यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी. १९०३ ची, देश स्वतंत्र होऊनही कितीतरी वर्षं खासगी कंपनीच्या मालकीच्या रुळांवर धावलेली. तिच्या आठवणी काढायला त्यांना कारण लागत नाही. "तिथं काय, गार्डच तिकिटं फाडे. रुळावर गाडी एकच. लाईन क्लिअर इचाराची कोनाले?" पुढे त्यांची बदली मूर्तिजापूरजवळ मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाईनीवर झाली, फाटकावर. तिथं गाड्या रात्रंदिवस. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तर फाटकाच्या फोनवर सांगे, गेटमन फाटक लावी, कुलूप घाली, आणि मग फोनवर नंबर देई.

"कसला नंबर?" भाच्यानं विचारलं.

"प्रायव्हेट नंबर. छापील कागद राये. त्याच्यावर दोन आकडी नंबर, उलटेसुलटे. पयला सत्तेचाळीस त दुसरा बारा, मंग ऐंशी. फाटक लागलं का कागद पाहाचा, पुढचा नंबर सांगाचा, त्याच्यावर काट माराची, गाडी न् टाइम लियाचा. मास्तर तोच नंबर आपल्याले वाचून दाखवे. मंगच सिग्नल पडे."

"पन नंबर कायले? फाटक लागलं एवढं सांगतलं का झालं."

आबाजी हसले. "बाबू, झोपीत 'हो सायेब' म्हनता येते. झोपीत नंबर देता येत नाही. कंदील मोठा करा लागते, कागद पाहा लागते, डोये उघडा लागतेत."

पस्तीस वर्षं सह्या तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही हे वाक्य ऐकून खुर्चीत सरळ बसावं लागलं. 'हो' हे उत्तर फुकट मिळतं, म्हणून त्याची किंमतही तेवढीच.

मग ती रात्र. कापूस एकाधिकार योजना तेव्हा नवी होती, म्हणजे १९७२ नंतरचं एखादं साल. खरेदी केंद्रावर लवकर नंबर लागावा म्हणून कापसाच्या बंड्या रात्रीच निघायच्या. पाचसहा बंड्या रांगेनं फाटकातून जात होत्या आणि मधल्या बंडीचा आख बरोबर रुळावर मोडला. बैल सोडले तरी बंडी हलेना, वर कापसाचं डोंगराएवढं बोंदरं. तेवढ्यात फोन खणाणला. मास्तरनं विचारलं, फाटक लागलं का? आबाजी ओरडले, "फाटक बंद नाही!" वारा सुटलेला, तारा एकमेकींना घासत होत्या. स्टेशनात मास्तरला ऐकू आलं ते एवढंच: "फाटक बंद..." आणि पुढे खरखर.

"आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येते ना," आबाजी म्हणाले. "तेच वाऱ्यानं नेलं."

मराठी बोलता बोलता साठ वर्षं झाली, पण या भाषेत वाक्याची शेपटी तुटली की त्याचा अर्थ उलटा होतो, हे मला कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. जाऊ नको. देऊ नका. बंद नाही. शेवटची दोन अक्षरं गेली की मनाई जाऊन हुकूम उरतो.

मास्तर म्हणाला, "बरं, नंबर दे." आबाजींनी नंबर दिला नाही. फोन तसाच लोंबकळत टाकून ते लाल कंदील घेऊन रुळावरून पळत सुटले. तिकडे मास्तर फोन कानाला लावून उभा. कानांनी 'बंद' ऐकलं होतं. मेल बाहेरच्या सिग्नलला येऊन शिट्ट्या मारत होती. नव्या उमेदीचा पोरगा, गाडी अडवली तर जाब द्यावा लागणार. त्यानं सिग्नल दिला नाही. बंडी निघाली, फाटक लागलं, नंबर गेला, मग मेल गेली. पुढे चौकशीत साहेबानं विचारलं, "गेटमन 'बंद' म्हणाला असं तूच लिहितोस, तर गाडी थांबवलीस का?" मास्तरनं खाली एकच ओळ लिहिली: नंबर आला नाही.

"त्या दिवसापासून 'बंद नाही' हे शब्दच मी टाकले," आबाजी म्हणाले. "फाटक उघडं हाय, असं म्हनाचं. त्यातलं अर्ध उडालं तरी 'उघ' त रायते." ताई हसून म्हणाली की घरातही त्यांचं तसंच आहे. लग्नाला येणार नसतील तर 'येत नाही' म्हणत नाहीत, 'घरीच हाव' म्हणतात. आम्हाला तो म्हातारपणचा चक्रमपणा वाटायचा.

भाचा उठून आत गेला आणि वही घेऊन आला.

यानंतर मामा-भाच्याच्या ज्या बैठका झाल्या त्यांतलं सगळं सांगत बसत नाही, काही माझ्या डोक्यावरून गेलं. पण गाभा असा होता. अमेरिकेत बेल लॅब्ज नावाच्या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणितानं सिद्ध केलं की वाट कितीही खरखरीची असो, तिची एक ठरावीक क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहिलात आणि निरोप नीट बांधलात तर चूक हवी तेवढी कमी करता येते. आवाज वाढवणं हा एकमेव उपाय नव्हे. त्याच प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्राला काम लावून जात आणि सोमवारी येऊन पाहत तो यंत्रानं चूक सापडल्याबरोबर काम टाकून दिलेलं. ते वैतागले. यंत्राला चूक झाली हे कळतं तर ती कुठे झाली हे का कळू नये? त्या वैतागातून १९५० साली त्यांचा निबंध आला आणि चुका स्वतःच दुरुस्त करणाऱ्या संकेतांचं शास्त्र उभं राहिलं. व्हॉयेजर यान १९७७ ला निघालं, आज ते दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे आणि त्याचा रेडिओ सुमारे २३ वॅटचा. आपली जुनी ट्यूबलाइट ४० वॅटची होती. ते तिथून ओरडून काय ओरडणार? निरोपाची बांधणी पक्की, म्हणून ऐकू येतं.

हॅमिंग यांनी दोन निरोपांमधल्या अंतराची गोष्ट केली आहे. दोन शब्द किती घरांत वेगळे, ते त्यांचं अंतर. 'बंद' आणि 'बंद नाही' यांच्यातलं अंतर एका शब्दाचं. 'बंद' आणि 'उघडं' यांच्यातलं पुष्कळ. भाच्यानं चिन्हं बदलली. चालू म्हणजे ०१०१०१०१, बंद म्हणजे १०१०१०१०. आठही घरं वेगळी. आता वाटेत तीन घरं बिघडली तरी आलेला निरोप कोणाच्या जवळचा आहे ते कळतं. चार बिघडली तर कोणाचा ते कळत नाही. पण कळलं नाही, एवढं तरी नक्की कळतं. या शेवटच्या गोष्टीचं त्याला आधी काही वाटलं नव्हतं. मला मात्र तीच सगळ्यांत मोलाची वाटली. चुकीचं ऐकून खात्रीनं कामाला लागणाऱ्यापेक्षा 'आयकू नाही आलं' म्हणणारा शंभर पटींनी बरा. बँकेत या दुसऱ्या प्रकारचे कारकून पुष्कळ भेटले नाहीत, याची खंत आहे.

माझीही थोडी भर पडली. मी त्याला जुन्या हुंडीची गोष्ट सांगितली. यवतमाळ-कारंजाकडची कापसाची पेठ मारवाडी पेढ्यांवर चालायची तेव्हा हुंडीवर रक्कम एकदा आकड्यात, एकदा अक्षरात, आणि वर तिचे निमे लिहीत. रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे द्यावे. कोणी एकावर शून्य वाढवलं किंवा पावसानं शाई पसरली तर निमे जुळणार नाही आणि लबाडी किंवा चूक तिथंच उघडी पडेल. चेकवर आपण आकडी आणि अक्षरी लिहितो ते त्याचंच धाकटं भावंड; दोघांत फरक पडला तर १८८१ च्या कायद्यानं अक्षरी खरी धरतात. भाचा म्हणाला, "मामा, आधार कार्डाचा शेवटचा आकडा असाच आहे. बाकीच्या अकरांवरून काढलेला. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर संगणक लगेच ओळखतो." फेरहूफ नावाच्या डच गणित्यानं १९६९ साली काढलेली रीत आहे ती. म्हणजे आपण सगळेच निमे खिशात घेऊन हिंडतो.

नवं खोकं तयार झालं तेव्हा त्यात चार गोष्टी होत्या. चिन्हं एकमेकांपासून लांबची. निरोपाच्या शेवटी निमे, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून काढलेली पडताळणी. तेच ते बोलायचं तर एका दमात नाही, मधे सेकंद-दोन सेकंद सोडून, म्हणजे एका गारपिटीत सगळं सापडणार नाही. आणि विहिरीवरच्या खोक्यानं, मोटारीत वीज खरंच गेली किंवा थांबली हे तपासून मगच, घरी नंबर पाठवायचा. नंबर आला नाही तर घरचं खोकं परत सांगत राहणार. दहा मिनिटं घरचा आवाजच आला नाही तर विहिरीवरचं खोकं कोणाला न विचारता मोटार बंद करणार. ही शेवटची अट आबाजींची. "शंका आली का सिग्नल लालच राये," ते म्हणाले. यामुळे कधीकधी पाणी अर्ध्यावर थांबतं आणि भाऊजी कुरकुरतात. थांबलेलं पाणी परत सुरू करता येतं.

हिरवा दिवा काढून टाकला का, असं मी विचारलं तेव्हा भाचा जरा लाजला. म्हणाला, तो पहिल्याच दिवशी काढला.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती. सप्टेंबर आला. कपाशी कमरेच्या वर गेली, फवारणी सुरू झाली. २०१७ च्या पावसाळ्यानंतर आमच्या जिल्ह्यात फवारणी हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. त्या वर्षी फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची मिश्रणं, अंगावर झाकायला धड काही नाही. कारण एक नव्हतं. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, वाचता न येणाऱ्याला कळावं म्हणून. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा त्रिकोण पाहून कित्येकांना वाटतं की हे विषच नाही. विष तेही असतं, कमी इतकंच.

त्या दिवशी भाऊजी दारव्ह्याला कृषी केंद्रात होते. औषधाची बाटली आदल्या दिवशीच वावरात गेली होती, फवारणारे काका पंप भरायच्या बेतात. दुकानदारानं प्रमाण सांगितलं ते भाऊजींनी दुकानातूनच फोनवर कळवलं. तिकडे बाहेर ट्रॅक्टर चालू, इकडे घरी वारा. काकांनी घरी येऊन ताईच्या फोनवर बोलणं घेतलं, कारण वावरात रेंज नव्हती. स्पीकर लावलेला, म्हणून ओसरीवर आम्ही सगळे ऐकत होतो. म्हणजे ऐकतोय असं वाटत होतं.

"पंपाले पंधराच मिली टाक. मांगच्या औषधासारखं पन्नास टाकू नोको."

"हो मालक," काका म्हणाले आणि फोन ताईला देऊन निघाले.

भाचा देवळीजवळ खोक्याशी काहीतरी करत होता. तो उंबऱ्यापर्यंत पळत आला. "काका, थांबा. किती टाकता ते सांगा बरं मले."

काका थांबले. "पन्नास ना. मालकच त म्हनले, पन्नास टाक."

ओसरीवर कोणी काही बोललं नाही. भाच्यानं परत फोन लावला, काकांच्या हातात दिला. "एक-पाच. पंधरा," भाऊजींनी तिकडून तीनदा सांगितलं. काकांनी तीनदा परत म्हटलं, "एक-पाच, पंधरा." मग भाच्यानं कोळशानं बाटलीच्या खोक्यावर १५ लिहिलं आणि खाली अक्षरात पंधरा लिहिलं. निमेही लिहितो की काय असं मला वाटलं. आकड्यांचं हे असं आहे. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मीही हिरिरीनं विरोधातच होतो. पण फोनवर तर आपण सगळेच आकडे सुटे करून सांगतो, आणि त्यानं जीव वाचतात.

भाऊजी संध्याकाळी आले ते तापूनच. "बहिरा हाय का तो? मी सोप्पं सांगतलं का पन्नास टाकू नोको."

काका अंगणात हातपाय धूत होते, त्यांनी मान खाली घातली.

आबाजी खाटेवरून म्हणाले, "तो बहिरा नाही. पंधरा सांगाचं होतं त पंधराच सांगाचं. पन्नास हा शब्द तू तोंडातून काढला काहून?"

भाऊजींनी काही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः चहा मांडला, हे त्या घरात नवीनच होतं, आणि पहिला कप काकांना दिला.

मी परवा पुन्हा जाऊन आलो. विहिरीवरची मोटार तीच आहे, एकदा वाइंडिंग केलेली. देवळीजवळच्या खोक्यावर जिथं हिरवा दिवा होता तिथलं भोक भाच्यानं मेणानं बुजवलंय. त्याच्या वर एक लहानशी पट्टी आहे, विहिरीकडून आलेला नंबर तिच्यावर उमटतो. रात्री अकरा वाजता ताईनं बटण दाबलं आणि आम्ही दोघं पट्टीकडे बघत उभे राहिलो. पहिल्यांदा काही आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला उमटलं: ७१. आतून आबाजींचा आवाज आला, "किती?"

"सात-एक, एकाहत्तर," ताई म्हणाली, आणि तिनं दिवा मालवला.